नेदो नादीची पाच सुवर्णपदकं आणि गैरहजर हंगेरी

1920च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये तलवारबाजीच्या सहा स्पर्धा होत्या. त्यातल्या पाच एकट्या नेदो नादीने जिंकल्या: फॉइल आणि सेबर वैयक्तिक, शिवाय तिन्ही शस्त्रांत (फॉइल, सेबर आणि ईपी हे तलवारीचे तीन प्रकार) सांघिक. एकाच ऑलिंपिकमध्ये तलवारबाजीची पाच सुवर्णपदकं मिळवणारा दुसरा कोणी झाला नाही.

नादी इटलीतल्या लिव्होर्नो बंदराचा. वडील बेप्पे नादी तिथले नावाजलेले वस्ताद, आखाडा घरचाच. नेदो आणि धाकटा आल्दो तिथेच घडले. फॉइलमध्ये फक्त धडावर टोक लागलं तर गुण, सेबरमध्ये कमरेच्या वर धारेचा वारही चालतो, तर ईपीत डोक्यापासून पायापर्यंत कुठेही टोचा. बेप्पेंच्या लेखी ईपी म्हणजे बेशिस्त हत्यार, आखाड्यात त्याला मज्जाव. मुलांनी ते बाहेर चोरून शिकून घेतलं, असं सांगतात.

1912 साली स्टॉकहोमला नेदोने फॉइलचं सुवर्ण घेतलं, वय 18. मात्र नियमांच्या वादावरून फ्रेंच तलवारबाज तिथे आलेच नव्हते. पुढचं बर्लिन ऑलिंपिक महायुद्धाने गिळलं.

अँटवर्पचा हिशेबही असाच तपासून घ्यावा लागतो. 1908 आणि 1912 ची सेबरची सगळी सुवर्णं हंगेरीकडे होती. पण युद्धात हरलेल्या देशांना 1920 चं आमंत्रणच नव्हतं. त्यामुळे सेबरच्या अंतिम क्रमवारीत नेदो पहिला, सख्खा भाऊ आल्दो दुसरा. हंगेरियन परतले आणि 1924 ते 1964 वैयक्तिक सेबर त्यांनी कोणाला सोडलं नाही. फॉइलचं मोल मात्र कमी करता येत नाही, कारण तिथे फ्रान्सचे कात्तियो आणि द्युक्रे नेदोच्या मागे दुसरे-तिसरे होते.

(त्याच अँटवर्पला दोराबजी टाटांच्या पुढाकाराने गेलेल्या भारतीय चमूत रणधीर शिंदे आणि कुमार नवले हे मराठी मल्ल होते. ऑलिंपिकच्या तलवारबाजीत भारतीय दिसायला मात्र 2021 उजाडावं लागलं, तेही भवानी देवीमुळे.)

अँटवर्पनंतर नेदो ऑलिंपिकला उतरला नाही. ब्वेनोस आयरेसच्या जॉकी क्लबात तो व्यावसायिक प्रशिक्षक झाला, मग इटलीत परतला आणि पुढे तिथल्या तलवारबाजी महासंघाचा अध्यक्षही. 29 जानेवारी 1940 रोजी रोममध्ये तो वारला. पन्नाशीही गाठली नव्हती.