शाळा बंद असताना मूल एकट्यानं शिकावं कसं?

2020 साली नेदरलँड्समधल्या प्राथमिक शाळा सुमारे 8 आठवडे बंद होत्या. घरोघरी वेगवान इंटरनेट असलेला हा देश. तरीही 8 ते 11 वर्षांच्या मुलांचे परीक्षेतले गुण आधीच्या वर्षांशी ताडून पाहिले, तेव्हा शालेय वर्षाच्या जवळपास एक पंचमांश इतकं शिक्षण बुडाल्याचं दिसलं. शाळा बंद होत्या तेवढा काळ मुलं घरी फारशी पुढे सरकलीच नव्हती. आईवडील कमी शिकलेले असतील तिथे नुकसान आणखी मोठं होतं.

उणीव उपकरणांची नव्हती. वर्गात शिक्षक काही कामं सहज करून टाकतात: सुरुवात कुठून करायची ते सांगतात, चूक जागीच दाखवतात, अडलेल्याला पुढे नेतात. सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला ही कामं स्वतःची स्वतः करता येत नाहीत, कारण स्वतःच्या समजेचा अंदाज घेणंही शिकावंच लागतं. मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल यांनी 1970 मध्ये मुलांना चित्रं दाखवून ‘यातली किती आठवतील?’ असं विचारलं. अगदी लहानांपैकी बऱ्याच जणांनी सगळी आठवतील असं सांगितलं, आणि आठवली त्याहून कितीतरी कमी. तेव्हा ‘मला येतं’ म्हणणारं मूल थापा मारत नसतं. त्याचा अंदाज चुकतो एवढंच.

म्हणून ही कामं मुलाला द्यायच्या अभ्यासाच्या कागदातच बसवावी लागतात. हातच्याची वजाबाकी घेऊ. 52 − 27. पहिलं गणित पूर्ण सोडवून द्या: 2 मधून 7 जात नाहीत, एक दशक सुटा केला, 12 − 7 = 5, उरलेल्या 4 दशकांतून 2 गेले, उत्तर 25. दुसऱ्या गणितात शेवटची पायरी रिकामी ठेवा, तिसऱ्यात शेवटच्या दोन, आणि चौथं पूर्ण कोरं. सोडवलेलं उदाहरण समोर असलं की नवशिक्याचं डोकं पद्धत शोधण्यात शिणत नाही, ती समजून घेण्यात लागतं. मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी 1980 च्या दशकात बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं. मात्र पद्धत जमू लागली की सोडवलेली उदाहरणं काढून घ्यायची. नाहीतर मूल नुसतं उतरवून काढतं.

या वजाबाकीत नेहमीची चूक म्हणजे उत्तर 35 येणं. मूल 2 मधून 7 वजा करण्याऐवजी 7 मधून 2 वजा करतं. अशी वीस गणितं संध्याकाळपर्यंत कुणी पाहिली नाहीत, तर चुकीच्या पद्धतीचाच वीस वेळा सराव होतो. त्यामुळे एका वेळी चार-पाच गणितं पुरेत, आणि प्रत्येकाचा ताळा मुलानंच करायचा: 35 + 27 = 62, म्हणजे काहीतरी बिनसलं; 25 + 27 = 52, बरोबर. उत्तरं कागदाच्या मागे लिहून ठेवली तरी बिघडत नाही. ‘मूल बघून लिहील’ या भीतीनं उत्तरं लपवली, तर तपासायची सोयच राहत नाही.

अडल्यावर काय करायचं तेही आधीच ठरलेलं हवं. ‘अडलं तर प्रश्न मोठ्यानं वाच, मग सोडवलेलं गणित बघ, तरी नाही जमलं तर गोल करून पुढचं घे.’ ही तीन वाक्यं ठळक अक्षरांत समोर चिकटवा. वाचता न येणाऱ्याला चित्रं काढून द्या. ‘जर असं झालं तर तसं करायचं’ अशा स्वरूपात ठरवलेली गोष्ट ऐन वेळी आठवते, ‘नीट अभ्यास कर’ ही सूचना आठवत नाही. रंगीबेरंगी वेळापत्रकापेक्षा हा कागद जास्त उपयोगी पडतो.

मोठ्या माणसानं दिवसभर शेजारी बसायची गरज नाही. सुरुवातीला पाच मिनिटं काम समजलं का ते पाहायचं आणि शेवटी दहा मिनिटं गोल केलेली गणितं घ्यायची. तिथे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वुड यांचा नियम चांगला चालतो: मूल चुकलं तर मदत एक पायरी वाढवायची, जमलं तर एक पायरी कमी करायची. आधी नुसतं विचारा, ‘प्रश्न काय सांगतोय?’ मग ‘एककाच्या घरात काय आहे?’ आणि त्यानंतरच हातात पेन्सिल घ्या. घाईत असलेले पालक थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात. कागद सुबक होतो आणि मूल होतं तिथेच राहतं.

दुसऱ्या दिवशी नवं काही सुरू करण्याआधी वही मिटून कालचं एक गणित सोडवायला द्या किंवा कालचा धडा सांगायला लावा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 मधल्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते. आठवडाभरानं मात्र न बघता आठवून पाहणारे पुढे गेले. ते विद्यार्थी महाविद्यालयातले होते. लहानांना ‘सगळं सांग’ म्हटलं तर गडबडतात, म्हणून ‘आधी काय झालं? मग?’ असा धागा द्यावा लागतो. व्हिडिओचंही तेच: तीन-चार मिनिटांनी थांबवून एक प्रश्न विचारा, नाहीतर बघून झालं म्हणजे समजलं असं मुलाला वाटतं.

आणि खोडरबर बाजूला ठेवा. चुकलेल्या उत्तरावर एकच आडवी रेघ मारून शेजारी नवं लिहायचं, पानावर तारीख टाकायची. शाळा उघडल्यावर शिक्षकांना या पानांवरून चूक नेमकी कोणत्या पायरीवर होते ते कळतं. खोडून स्वच्छ केलेल्या वहीतून ते कळत नाही.