नोल

नोल : 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून खेळायच्या कल्पनारम्य खेळातली, तरसाच्या तोंडाची आणि माणसासारखी दोन पायांवर चालणारी रानटी जमात. इंग्रजी स्पेलिंगच्या सुरुवातीला 'जी' आहे, पण तो उच्चारत नाहीत. त्यामुळे वाईच्या विश्वकोशाच्या शिस्तीने लावायची झाली तरी ही नोंद 'न' मध्येच येईल. उंची सात फुटांच्या वर, अंगावर ठिपक्यांची मळकट लव, मानेवर आयाळ, हातात भाला किंवा लांब धनुष्य. नोल टोळीने येतात आणि हसत येतात.

सातारा-सांगलीकडच्या वाचकाचा पहिला घोळ 'तरस' या शब्दापाशीच होतो. माण-खटाव, आटपाडी, जत या माळरानांकडचा आपला तरस पट्टेदार. तो बहुधा एकटा फिरतो, रात्री बाहेर पडतो, मेलेल्या जनावराची हाडेसुद्धा फोडून खातो आणि मिळाली तर फळेही सोडत नाही. घाबरला की आयाळ फुलवून आहे त्याहून मोठा दिसायचा प्रयत्न करतो. अगदीच अंगाशी आले तर मेल्याचे सोंग घेऊन पडून राहतो. तो हसत नाही. नोलचा नमुना आहे आफ्रिकेतला ठिपकेदार तरस. तो मोठ्या कळपात राहतो आणि स्वतः शिकार करतो, त्याच्या माद्या नरांपेक्षा मोठ्या आणि वरचढ असतात. प्रसिद्ध 'हास्य' त्याचेच, पण तेही आनंदाचे नव्हे. दुसऱ्याने हुसकावले, दाबले किंवा जीव खालीवर झाला की ते जनावर तसे ओरडते. खेळाने आवाज उचलला आणि अर्थ उलटा लावला: भ्यालेल्याचा आवाज खुनशाच्या तोंडी दिला. चित्रकारांनीही थोडी गफलत केली आहे. बहुतेक चित्रांत नोलचे तोंड कुत्र्याकडे झुकते. प्रत्यक्षात तरस हा कुत्र्यापेक्षा मांजराच्या आणि मुंगसाच्या गोतातला.

नोल जन्मापासून तरसतोंड्या नव्हता. १९१२ मध्ये लॉर्ड डनसेनी या आयरिश लेखकाने एका कथेत रानातल्या घरात राहणारे 'नोल' आणले. त्यांच्याकडे चोरी करायला गेलेल्यांची खैर नसते, एवढे कळते. ते दिसतात कसे, हे लेखक सांगतच नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये खेळ छापला तेव्हा तिथे हेच नाव किंचित वेगळ्या स्पेलिंगने आले. त्या पुस्तिकेत नोल म्हणजे 'नोम' हे बुटके आणि 'ट्रोल' हे राक्षस यांचा संकर, आणि कंसात कबुली: डनसेनीने नीट स्पष्ट केलेले नाही. कबुली देताना छपाईत लेखकाचे नावही चुकले आहे. तरसाचे तोंड मिळाले ते १९७७ च्या राक्षसकोशात, म्हणजे खेळातल्या राक्षसांची माहिती देणाऱ्या पुस्तकात. त्याच पुस्तकात त्यांचा अधिपती आला, तीन गोळ्यांचा साखळदंड फिरवणारा असुर यीनोगू. इतक्या धेडगुजरी वंशावळीतून आलेला जीव पन्नास वर्षे टिकला, याचे श्रेय मी त्या तोंडाला आणि त्या हसण्याला देतो.

पाचव्या आवृत्तीत (२०१४) नोलची उत्पत्तीकथा पार बदलली. यीनोगू पृथ्वीवर कत्तल करत फिरला, त्याच्यामागून तरसे प्रेते खात गेली आणि खाता खाता ती नोल झाली. म्हणजे या जमातीला आईबाप नाहीत, गाव नाही, फक्त भूक आहे. २०२५ च्या राक्षसकोशाने तर त्यांना मानवसदृशांच्या वर्गातून काढून थेट असुरवर्गात टाकले. खेळाच्या दृष्टीने ही सोय आहे, कारण मग खेळाडूला मारताना विचार करावा लागत नाही.

पण एक अख्खी जमात जन्मतःच वाईट, ही कल्पना आपल्याकडे कधी नुसती खेळातली नव्हती. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या रूपांनी जिवंत माणसांच्या जमातींवर हाच शिक्का मारला, पारधी त्यांतलेच. कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का अजून पुरता पुसलेला नाही. म्हणून नोल टेबलावर आणताना 'असुर' हे उत्तर मला पळवाटेसारखे वाटते. दुसरे मार्ग आहेत. एबेरॉन या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्याच एका खेळविश्वात झ्नीर करार नावाने एकत्र आलेले नोल असुरांची चाकरी नाकारतात आणि पैसे घेऊन लढणारे भाडोत्री सैनिक म्हणून जगतात. 'पाथफाइंडर' या प्रतिस्पर्धी खेळाने २०२३ मध्ये सुरू झालेल्या सुधारित नियमांत नोल हे नाव सोडून 'खोलो' घेतले, आणि खेळाडूला स्वतः खोलो होऊन खेळता येते.

नियमांतला नोल फार बलाढ्य नाही. २०१४ च्या नियमांनुसार त्याचे प्राणांक (एवढा मार सोसला की पडतो) २२, संरक्षण (वार लागायला फाशांवर गाठायचा आकडा) १५, चाल एका पाळीला ३० फूट, अंधारात ६० फुटांपर्यंत दिसते. एकटा गाठला तर नवखेही त्याला लोळवतात. त्याची खरी ताकद 'रॅम्पेज' नावाच्या एका ओळीत आहे: आपल्या पाळीत जवळून वार करून त्याने एखादा जीव शून्यावर आणला, की त्याला आणखी निम्मी चाल आणि एक चावा फुकट मिळतो.

'एखादा जीव' या शब्दांत शेळ्यामेंढ्याही आल्या, आणि खेळ माणदेशात बसवणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे. धनगरांचा वाडा शेतात उतरला आहे, मेंढरे रात्री जाळीच्या कुंपणात बसवली आहेत, आणि महिमानगडाच्या अंगाने टोळी येते आहे, असा प्रसंग घ्या. नियमपुस्तकात मेंढीचे आकडे नाहीत, शेळीचे आहेत: प्राणांक ४. नोलच्या भाल्याचा सरासरी घाव ५. म्हणजे बहुतेक प्रत्येक नेमका वार एक जनावर पाडतो आणि नोलला कळपात १५ फूट आणखी आत, पुढच्या गळ्यापर्यंत नेतो. पाच-सहा नोल असतील तर दोन-तीन पाळ्यांत ते कुंपणाच्या पलीकडच्या बाजूला, खेळाडूंच्या पाठीमागे निघतात. इथे तलवार उपसून पुढे धावणारा गट हरतो. म्हातारा मेंढका पहिल्या पाळीलाच सांगेल तसे करावे लागते: कुत्री सोडायची, जाळी वरच्या अंगाने उचलायची आणि मेंढरे गडाच्या वाटेला लावायची.