ग्रीकमध्ये उंच स्वर म्हणजेच जोर?

ग्रीक शिकणाऱ्यांमध्ये एक समज पक्का आहे: आवाज सर्वांत वर चढतो त्या शब्दावर जोर. विधानांत हे बहुधा जुळतं. जोराच्या शब्दावर स्वर चढतो, पुढचे शब्द सपाट होतात. हो-नाही प्रश्नांत मात्र हा नियम सपशेल कोसळतो. ‘थेलिस काफे?’, म्हणजे ‘कॉफी हवी का?’. साध्या विचारण्यात जोर ‘थेलिस’ या क्रियापदावर असतो, पण तिथे स्वर खाली! चढून उतरणारं शिखर येतं ‘फे’वर, आणि ते प्रश्नाची खूण असतं, जोराची नव्हे. ग्रीक श्रोता नुसती उंची मोजत नाही, सुराचा अख्खा आकार ऐकतो. कॉफीवरच जोर असेल, तर खालचा स्वर आणि चढउतार दोन्ही त्या एकट्या ‘फे’मध्ये दाटीने बसतात. अर्वानिती, लॅड आणि मेनेन या भाषाशास्त्रज्ञांनी २००६ साली हीच दाटी तपासली.