सेंट घ्यायचा तर दुपारपर्यंत थांबा

गोव्यात फोंड्याच्या बाजारात फुलं विकायला बसणाऱ्या एक मावशी बकुळीला ‘ओंवळां’ म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडून वळेसर, म्हणजे ओवलेल्या फुलांचा सर, घेताना मी म्हटलं, “मावशी, ही तर सुकायला लागलीत.” वळेसर पानात गुंडाळता गुंडाळता त्या म्हणाल्या, “सुकलीं तरी वास वचना.” खरंच गेला नाही. पावसाळा संपेपर्यंत तो माझ्या पुस्तकांच्या कपाटात होता. फुलं तपकिरी पडली, कागदासारखी झाली, पण दार उघडलं की बकुळ यायचीच.

पावसाळ्यात याच मावशींकडे जायो, म्हणजे जाईची फुलं, असतात. म्हार्दोळला महालसेच्या देवळात जायांची पूजा होते, तेव्हाचा घमघमाट ज्याने घेतलाय त्याला वेगळं काही सांगायला नको. पण तीच जायांची फाती, म्हणजे गजरा, दुसऱ्या दिवशी सकाळी उशाशी बघा. फुलं मलूल, वास संपलेला.

परफ्यूमच्या एकाच बाटलीत जाईही असते आणि बकुळही, म्हणजे लवकर निघून जाणारा वास आणि रेंगाळणारा वास. दुकानात कागदी पट्टी नाकाशी धरून आपण पहिला वास घेतो, तो आवडतो, आणि दुसरा न हुंगताच पैसे मोजतो. ज्याला भेट देतो त्याच्या वाट्याला मात्र दिवसभर तो दुसराच येतो. भेट चुकते ती इथे.

बाटलीत बहुतांश अल्कोहोल असतं आणि त्यात विरघळलेली अनेक डझन सुगंधी द्रव्यं. फवारा मारला की अल्कोहोल लगेच उडतं. त्यामागोमाग लिंबू-संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन जातं. त्याचा उत्कलनबिंदू 176 अंश सेल्सिअस आहे आणि त्याचे रेणू एकमेकांना फारसे धरून राहत नाहीत. पाव-अर्ध्या तासात ते संपतं. मग फुलांची पाळी, ती दोन-चार तास. सगळ्यात शेवटी उरतात चंदन, व्हॅनिला आणि कस्तुरीची आठवण करून देणारी कृत्रिम द्रव्यं.

हलका रेणू लवकर उडतो आणि जड रेणू टिकतो, असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. गॅलॅक्सोलाईड या कस्तुरीगंधी द्रव्याचा रेणुभार 258, लिमोनीनचा 136, इथपर्यंत हिशेब जुळतो. पण व्हॅनिलीनचा रेणुभार फक्त 152, आणि तरी ते संध्याकाळपर्यंत शर्टाच्या कॉलरवर असतं. कारण त्याच्या रेणूवर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते. तिच्यामुळे रेणू एकमेकांना आणि कापडाच्या धाग्यांनाही चिकटून राहतात. वजनाइतकंच हे चिकटणंही मोलाचं. मला तर सुगंधाच्या रसायनशास्त्रातली हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते.

आता यात गोव्याची हवा घाला. ताईच्या पन्नाशीला मी एक नावाजलेला सेंट घेतला होता. दुकानात एसी, तापमान बावीसच्या आसपास, पट्टीवर छान लिंबूसारखा ताजा वास. ताईने तो मे महिन्यात एका लग्नाला लावला. संध्याकाळी म्हणाली, “छान आहे रे, पण डोकं धरलं.” जवळ गेलो तर लिंबाचा पत्ता नव्हता. नुसता गोड, जाड व्हॅनिला. त्वचेचं तापमान साधारण 33 अंश असतं. अशा द्रव्यांचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन उडण्याचा जोर, जवळपास दुप्पट होतो. थंड पट्टीवर जे हळूच डोकावत होतं, ते ताईच्या गळ्यावर धो धो बाहेर पडत होतं.

म्हणून पट्टीवर फक्त नावडते सेंट बाजूला काढावेत, निवड करू नये. आवडलेले दोनच घ्यावेत, एकेका मनगटावर एकेक लावावा आणि दुकानातून बाहेर पडावं. मनगटं एकमेकांवर चोळू नयेत. चोळल्याने रेणू ‘मोडतात’ हे काही खरं नाही, पण ऊब वाढून वरचा वास घाईने उडून जातो. मग पणजीतली कामं उरका, जेवा, उन्हातून फिरा, आणि तीन-चार तासांनी मनगट हुंगा. दुकानात कॉफीच्या बिया हुंगायला देतात ना? त्यांनी नाक ताजंतवानं होतं का, हे प्रयोगाने तपासलं गेलंय. साध्या हवेपेक्षा त्यांचा काही जास्त उपयोग दिसला नाही. दाराबाहेर दोन मिनिटं उभं राहणं पुरतं.

बाटलीवरच्या ओ द पर्फ्यूम आणि ओ द त्वालेत या शब्दांनी गोंधळून जाऊ नका. पहिल्यात सुगंधी द्रव्य ढोबळमानाने 15 ते 20 टक्के, दुसऱ्यात 5 ते 15. महाग म्हणजे सरस, असं इथे नाही. आपल्याकडच्या दमट दुपारी मी कुणालाही दुसराच सुचवेन.

समुद्राच्या नावाने विकले जाणारे निळ्या बाटल्यांमधले सेंट गोव्यात भेट म्हणून फार दिले जातात. त्यातला ‘समुद्र’ बहुतेक वेळा कॅलोन नावाच्या द्रव्याचा असतो. ते 1966 साली फायझर या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडलं आणि 1990 च्या दशकात सुगंधांच्या बाजारात त्याची लाट आली. नीट हुंगलंत तर त्यात कलिंगड सापडेल. खऱ्या समुद्राचा वास बराचसा डायमिथाइल सल्फाइडचा, समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून येणारा. मिरामारला ओहोटीच्या वेळी उभा राहिलेला माणूस या दोहोंत गफलत करणार नाही. कॅलोनचे सेंट वाईट नसतात. पण “तुला समुद्र आवडतो म्हणून” असं सांगून ते देऊ नका. कलिंगड आवडत असेल तर जरूर द्या.

जाई-मोगऱ्याचंही तसंच. खऱ्या जाईच्या वासात इंडोल असतं. ते एकटं, दाट असेल तर डांबराच्या गोळ्यांसारखं, विष्ठेसारखंसुद्धा लागतं. अगदी किंचित असेल तर फुलाला जिवंतपणा देतं. अनेक सेंटांमधली जाई इंडोल कमी करून धुऊन-पुसून ठेवलेली असते. ज्या आजीने आयुष्यभर केसांत जायो माळल्या, तिला ती जाई खोटी वाटली तर त्यात तिच्या नाकाचा दोष नाही.

आणि नाकं तर प्रत्येकाची वेगळी. नाकातल्या वास ओळखणाऱ्या ग्राहींची (रिसेप्टरांची) जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 मध्ये शोधली. त्या कामासाठी त्यांना 2004 चं नोबेल मिळालं. माणसात अशी सुमारे चारशे जनुकं कार्यरत असतात आणि त्यांत माणसागणिक फरक असतो. बीटा-आयोनोन या व्हायोलेटच्या फुलातल्या द्रव्याचंच बघा. एका जनुकातल्या फरकामुळे काहींना ते गोड फुलासारखं लागतं, तर काहींना जेमतेम जाणवतं आणि आंबटसर वाटतं. काही कस्तुरीगंधी द्रव्यं तर कित्येकांना अजिबात येत नाहीत. अशी माणसं सेंट ‘टिकत नाही’ म्हणून फवारत राहतात आणि शेजारचे खिडकी उघडतात. तेव्हा परीक्षणं वाचा जरूर, पण ती दुसऱ्याच्या नाकाने लिहिलेली असतात हे लक्षात असू द्या.

आखातातून किंवा बोटीवरून येणाऱ्यांनी आणलेल्या बाटल्या आपल्याकडे हॉलच्या शोकेसमध्ये, उन्हाच्या समोर मांडलेल्या असतात. त्यामागचं प्रेम मला कळतं, पण हवा, उजेड आणि उष्णता यांनी लिमोनीन आणि लिनालूल या सुगंधी द्रव्यांचं ऑक्सिडीकरण होतं. वास तर बिघडतोच, शिवाय तयार होणाऱ्या द्रव्यांनी काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते. खोका ठेवा, बाटली कपड्यांच्या कपाटात ठेवा.

यंदा चवथीला ताईसाठी मी बाटली घेतली नाही. दोन छोट्या नमुन्याच्या कुप्या घेऊन तिच्याकडे गेलो. म्हटलं, आज एक लाव, उद्या दुसरी, आणि लावून नेहमीची कामं कर. पहिल्या दिवशी दुपारी तिचं मनगट हुंगलं तेव्हाच मी मनात ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास तिचा फोन आला, “हीच आण. कालची मला येतच नव्हती.”