भुताचं की अद्भुत? पावसाळ्यात पुस्तक निवडताना
(आमच्या वाचनालयाच्या सभासदांसाठी माहितीपत्रक)

मिरग लागला, होड्या वर ओढल्या गेल्या की आमच्या दुकानात एकच मागणी सुरू होते : "काहीतरी भुताचं द्या." वेंगुर्ल्यातलं आमचं वाचनालय लहान आहे, पण पावसाच्या चार महिन्यांत ते गजबजलेलं असतं. अडचण एवढीच, की "भुताचं" म्हणून नेलेलं पुस्तक पुष्कळदा तिसऱ्या दिवशी अर्धवट परत येतं. पुस्तक चांगलं असतं, फक्त चुकीच्या घरी गेलेलं असतं. म्हणून हे पत्रक. लेखकाचं नाव आठवलं नाही तरी चालेल. तुम्हाला भीती कशाची वाटते आणि कुतूहल कशाचं, तेवढं सांगा. पुस्तक आम्ही काढून देतो.

"तिनसांजेक व्हाळाकडे जाव नको" हे ऐकत जे वाढले, देवचार, मुंजा, चकवा ही नावं ज्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाहीत, त्यांच्या हातात आम्ही आधी चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा' देतो. खानोलकर आपल्याच तालुक्यातल्या बागलांच्या राईतले. ही कादंबरी १९६६ची. तिच्यात भूत दाराआडून "भॉ" करत नाही. एका माणसाला दैवी देणं मिळतं, त्या देण्याला अट असते आणि ती पाळता पाळता त्याचं घर आतून पोखरत जातं. वाचायला सावकाश आहे, पहिली काही पानं धीर धरावा लागतो. पण आपल्या समुद्राची गाज इतक्या जवळून ऐकू येणारं दुसरं पुस्तक आमच्या कपाटात नाही.

ज्यांना खरोखरच दचकायचं आहे, त्यांच्यासाठी नारायण धारप (१९२५–२००८). पहिल्यांदाच धारप वाचत असाल तर 'समर्थ'कथांपासून सुरुवात करा. संकट कितीही अमानवी असलं तरी त्याला तोंड द्यायला या कथांचे नायक 'समर्थ' उभे असतात, त्यामुळे कथा संपल्यावर दिवा मालवता येतो. 'लुचाई'चं तसं नाही. ती स्टीफन किंग यांच्या 'सेलम्स लॉट'वर (१९७५) बेतलेली आहे. अख्खं गाव एकेक घर करत एका अमानवी सावलीखाली जातं. आजूबाजूची दोन-तीन घरं मुंबईकरांची आणि बंद असतील, तर ती रात्री वाचू नका असं आम्ही मनापासून सांगतो. मुलांना धारप देण्याची घाईही नको, दहावीनंतर बघू.

रत्नाकर मतकरींच्या गूढकथा याहून निराळ्या. तिथली भीती वाड्यावरून येत नाही, ती आपल्यासारख्याच माणसाच्या मनात आधीपासून बसलेली असते. 'खेकडा' किंवा 'कबंध' न्या, आणि एका रात्री एकच कथा वाचा. सलग वाचल्या तर शेवटाच्या कलाटणीची सवय होते आणि तिची धार जाते.

आमच्या तांडेल आणि खलाशी सभासदांसाठी एक खास शिफारस. ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' (१८९७) सगळ्यांना सिनेमामुळे माहीत असते, पण ती पत्रं आणि रोजनिशांतून सांगितलेली आहे, हे पुस्तक उघडल्यावरच कळतं. त्यात 'डिमीटर' जहाजाच्या कप्तानाच्या नोंदी आहेत. वर्णा बंदरातून निघालेलं जहाज, एकेक करून नाहीसे होणारे खलाशी आणि शेवटी स्वतःला सुकाणूला बांधून घेतलेला कप्तान. वाड्याचा भाग आवडला नाही तरी एवढ्या पानांसाठी हे पुस्तक न्यावं. समुद्रात रात्र काढलेल्या माणसाला ती आमच्यापेक्षा जास्त कळतील.

आता विज्ञानकथा. "आम्हाला सायन्स कळत नाही" म्हणून ज्यांनी हे कपाट कधी उघडलंच नाही, त्यांना एक हकीकत सांगतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखक होते नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचा : जयंत विष्णू नारळीकर. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली होती. नाव लपवून पहिली आलेली ही कथा, म्हणजे ती केवळ कथा म्हणूनच उतरली होती.

नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' वाचण्याआधी एक करून पाहा. पारदर्शक कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा, एक टोक अर्धा पीळ देऊन दुसऱ्याला चिकटवा. ही मोबियसची पट्टी. तिच्यावर डाव्या पंजाचं चित्र काढा आणि तेच चित्र पुन्हा पुन्हा गिरवत पुढे जा. एक फेरी पुरी होते तेव्हा डाव्याचा उजवा पंजा झालेला दिसतो! हे हातानं केलेलं असलं की कथा वाचताना अंगावर येणारा काटा वेगळाच. पट्टी बनवायला जमली नाही तर दुकानात या, आम्ही बनवून देतो. इतिहासाची आवड असेल तर 'गंगाधरपंतांचे पानिपत' आधी वाचा : १७६१च्या त्या दिवशी विश्वासरावांना लागलेली गोळी चुकली असती तर? नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह मागा. तो संपवून येणाऱ्यांना आम्ही सुबोध जावडेकर आणि लक्ष्मण लोंढे यांच्याकडे वळवतो.

मुलांसाठी ज्यूल व्हर्नची भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेली 'चंद्रावर स्वारी' आहे. मूळ पुस्तक १८६५चं. त्यात चंद्राकडे जाणारा तोफगोळा अमेरिकेतल्या फ्लोरिडातून सुटतो, आणि १९६९मध्ये अपोलो ११ हे यानही फ्लोरिडातूनच उडालं. मुलांना हे आधी सांगू नका. पुस्तक परत करायला येतील तेव्हा आम्हाला सांगायचं आहे.

अद्भुत म्हणजे राक्षस आणि जादूची तलवार एवढंच नव्हे, असं मानणाऱ्यांनी जी. ए. कुलकर्णींची 'रमलखुणा' (१९७५) न्यावी. दोनच दीर्घकथा आहेत, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. गाव नकाशावर नसलेलं, देव अनोळखी, तरी वाटेवरची धूळ आपल्या पायाला लागते. हिला पंधरवडा कमी पडला तर मुदत वाढवून घ्या, जादा पैसे पडणार नाहीत.

एरवी एका वेळी २ पुस्तकं, १५ दिवसांसाठी. आणि एक विनंती, आपल्या हवेमुळे करावी लागते. पुस्तक ओलाव्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका आणि प्लास्टिकच्या पिशवीत दिवसचे दिवस बांधून ठेवू नका. आतल्या दमटपणानं बुरशी धरते. कपाटात वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवला तर कसर कमी लागते. आणि पागोळीखाली भिजलंच एखादं, तर चुलीजवळ किंवा इस्त्रीखाली वाळवू नका, लपवूही नका. तसंच ओलं घेऊन या. पानापानांत कोरे कागद घालून, पंख्याखाली ठेवून आम्ही ते वाळवतो.