स्पिनांमधली ओढ मोजायची कशी? एका युक्तीची पार्श्वभूमी

चुंबकीय स्फटिकात शेजारच्या दोन अणूंचे स्पिन (प्रत्येक अणूचे जणू इवलेसे चुंबक) एकमेकांशी किती घट्ट बांधलेले असतात, हे सांगणारा आकडा म्हणजे विनिमय स्थिरांक, ‘जे’. हायझेनबर्गने १९२८ मध्ये हा विचार मांडला. पण पदार्थाची चुंबकग्राह्यता किंवा विशिष्ट उष्णता मोजली, तर हाती लागते ती सगळ्या शेजाऱ्यांची सरमिसळ. कुठला शेजारी किती ओढतो, ते त्यातून सुटे होत नाही. ते सुटे करण्याची युक्ती म्हणजे पदार्थ जोरदार चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यावर न्यूट्रॉन सोडणे; तिथवरची वाट ही अशी.

न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, पण चुंबकीय आघूर्ण आहे, म्हणजे तोही एक छोटा चुंबकच. त्यामुळे तो स्पिनांवरून विखुरला जाईल, हे ब्लॉखने १९३६ मध्येच दाखवून दिले होते. पुरेसे न्यूट्रॉन मिळाले ते अणुभट्ट्या आल्यावर. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत शल आणि स्मार्ट यांनी मँगनीज ऑक्साइड ८० केल्विनपर्यंत थंड केले, तेव्हा क्ष-किरणांना न दिसणारी जादा शिखरे उमटली. स्पिनांची पुनरावृत्ती अणूंच्या दुप्पट अंतरावर होत होती. नेएलने वर्तवलेले प्रतिलोहचुंबकत्व, म्हणजे शेजारचे स्पिन एकमेकांच्या उलट दिशेला असण्याची रचना, प्रत्यक्ष दिसले.

ही झाली रचना. ताकद कळायला ऊर्जेचा हिशेब लागतो. औष्णिक न्यूट्रॉनची ऊर्जा काही दशक मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे स्पिन-लहरींच्याच (एका स्पिनाचा हेलकावा शेजाऱ्यांकडे पसरत जातो, त्या लहरींच्या) पातळीची. त्यामुळे लहर उठवताना त्याने काय गमावले ते सहज मोजता येते. कॅनडातल्या चॉक रिव्हर प्रयोगशाळेत ब्रॉकहाउसने त्यासाठी त्रि-अक्षीय वर्णपटमापी, म्हणजे न्यूट्रॉनची ऊर्जा आणि दिशा मोजणारे यंत्र, घडवला. १९५७ मध्ये मॅग्नेटाइटमधल्या स्पिन-लहरी त्याने न्यूट्रॉनांनी मोजल्या. १९९४ चे नोबेल त्याला आणि शलला मिळाले. शलचा ज्येष्ठ सहकारी वोलन दहा वर्षांपूर्वीच वारला होता, ही चुटपुट राहिलीच.

यापुढे काम सरळ वाटत होते: लहरीच्या ऊर्जेचा आलेख काढा, सूत्र बसवा, ‘जे’ वाचा. स्पिन-अर्ध्याच्या पदार्थांनी, म्हणजे जिथे अणूचा स्पिन सर्वांत लहान आणि क्वांटम परिणाम सर्वांत जोरदार असतात, हा हिशेब बिघडवला. एकमितीय साखळीत साधा स्पिन-लहर सिद्धांत कमाल ऊर्जा ‘जे’ इतकी सांगतो. दे क्लॉइझो आणि पिअर्सन यांचे १९६२ चे अचूक उत्तर पाय भागिले दोन पट निघाले. म्हणजे भोळेपणाने वाचलेला ‘जे’ सत्तावन्न टक्के फुगलेला! पुढे तर न्यूट्रॉन एक लहर उठवतच नाही, स्पिनॉनांची (लहरीच्या जणू अर्ध्या तुकड्यांची) जोडी उठवतो हे कळले आणि रेषेच्या जागी पसरट पट्टा आला.

माझ्या मते खरी कलाटणी २००२ ची. सीझियम कॉपर क्लोराइडच्या त्रिकोणी जाळ्यावर कोल्डिया आणि सहकाऱ्यांनी क्वांटम गुंता सोडवत बसण्याऐवजी तो काढूनच टाकला. चुंबकीय क्षेत्र सुमारे ८.४ टेस्लाच्या वर नेले की सगळे स्पिन क्षेत्राच्या दिशेला वळतात. या अवस्थेत क्वांटम हेलकावे, म्हणजे स्पिनांची स्वतःहून होणारी अस्थिर चुळबूळ, जवळपास उरत नाहीत. एक स्पिन उलटवला की तो कसा पसरतो हे कागदावर अचूक मांडता येते. मग आलेखातून आकडे थेट निघाले: एका दिशेला ०.३७४, तिरक्या दिशेला ०.१२८ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. क्षेत्राविना वाचला असता, तर पहिला आकडा दीडपटीहून मोठा भरला असता.

२०११ मध्ये हीच रीत यटर्बियम टायटनेटला लावली गेली आणि दिशेनुसार बदलणारे चार वेगळे विनिमय आकडे हाती आले.

अट एकच: ‘जे’ लहान हवा. लँथॅनम क्युप्रेटमध्ये तो शंभर मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर आहे, तिथे स्पिन वळवायला हजारो टेस्ला लागतील. तिथे अजूनही क्वांटम दुरुस्त्या हिशेबात धरूनच आकडा काढावा लागतो.