शाळेतलं समुपदेशन: सेवा कशी चालते, पैसा कुठून येतो

आमच्याकडे चौकशी करणारे मुख्याध्यापक, संस्थाचालक आणि पालक-शिक्षक संघातली मंडळी यांच्यासाठी हे माहितीपत्रक आहे. आम्ही शाळांना समुपदेशक पुरवतो. आमचा पसारा लहान आहे: चौघी समुपदेशक आणि हिशेब पाहणारे एक सहकारी. फोनवर पहिला प्रश्न हमखास येतो, "किती पडतील?" त्याचं उत्तर देण्याआधी आम्ही उलट विचारतो, "तिसऱ्या वर्षाचे पैसे कुठून आणणार?" बहुतेक वेळा पलीकडे शांतता पसरते. पहिल्या वर्षाचे पैसे कुठून तरी जमतात, पुढचं कोणी ठरवलेलं नसतं.

हा प्रश्न आम्ही आमच्याच चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका शाळेचं काम घेतलं. एका देणगीदाराने वर्षभराचा खर्च उचलला होता. दर मंगळवारी आमची एक सहकारी प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत बसायची. सातवीतली एक मुलगी यायची. पहिले तीन मंगळवार तिने नुसत्या पेन्सिलींना टोक काढलं, टेबलावर टरफलांचा ढीग केला आणि घंटा झाल्यावर तो हाताने गोळा करून कचऱ्यात टाकला. चौथ्या मंगळवारी बोलायला लागली. वर्ष संपलं, देणगीदाराने पुढचं वर्ष दुसऱ्या कामाला दिलं. निरोप घ्यायला एक भेट मिळाली. सुट्टीनंतर शाळेच्या शिपायांनी फोन करून सांगितलं की ती मुलगी सलग दोन मंगळवार कुलूप लावलेल्या दाराशी येऊन उभी राहिली होती. शाळेचा दोष नव्हता, देणगीदाराचा तर नव्हताच. करार करताना आम्हीच पुढचं विचारलं नव्हतं.

एक दिवस म्हणजे किती मुलं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटातल्या दर सातांपैकी एकाला कुठला ना कुठला मानसिक विकार असतो. मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी सुमारे एक तृतीयांश वयाच्या १४ वर्षांआधी आणि निम्मे १८ च्या आत सुरू झालेले असतात. म्हणजे हे सगळं शाळेच्या बाकावरच सुरू होतं.

आता शाळेच्या वेळापत्रकात बघू. समजा तुमच्याकडे या वयाची ६०० मुलं आहेत आणि आठवड्यातून एक दिवस समुपदेशक हवा आहे. त्या दिवशी प्रत्यक्ष भेटी चारच होतात. उरलेला वेळ वर्गशिक्षकांशी बोलणं, एखाद्या पालकांची भेट आणि नोंदी यांत जातो. (नोंदी घरी नेऊन लिहा म्हणणाऱ्या शाळा आहेत. आम्ही नाही म्हणतो. मुलांची माहिती पिशवीतून घरी नेण्याची वस्तू नाही.) वर्षाचे ३६ आठवडे धरले तर १४४ भेटी. एका मुलाला सरासरी सहा भेटी लागल्या तर वर्षभरात २४ मुलं. सातात एक या हिशेबाने ६०० मध्ये ८५ च्या आसपास होतात. उरलेल्या साठेक मुलांचं काय, हे कराराच्या आधी ठरवायचं असतं.

याच कारणाने काही देशांनी आकडे नेमून दिले आहेत. अमेरिकेतली शालेय समुपदेशकांची संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा म्हणते. तिथला प्रत्यक्षातला सरासरी आकडा २०२२-२३ मध्ये ३८५ होता. फिनलंडमध्ये कायद्यानेच कमाल मर्यादा आहे: एका मानसशास्त्रज्ञामागे जास्तीत जास्त ७८० विद्यार्थी, एका शालेय समाजकार्यकर्त्यामागे ६७०. भारतात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध ठेवायचे आहेत. माणूस नेमा म्हटलं की पगार आला, आणि पगार म्हटला की पुन्हा तोच प्रश्न.

नेमकं काय करतो

काम तीन थरांचं असतं. सगळ्या मुलांसाठी वर्गातल्या तासिका आणि शिक्षकांचं प्रशिक्षण. काही मुलांसाठी छोटे गट: परीक्षेची धास्ती, घरातला मृत्यू, नव्या शाळेत न रुळणं. आणि मोजक्या मुलांसाठी एकास एक भेटी, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणं. आम्ही निदान करत नाही, औषध सांगत नाही आणि 'या मुलाला शाळेत ठेवावं का' या विषयावर दाखला देत नाही. तसा दाखला मागणारी शाळा वर्षातून एक तरी भेटते.

पहिल्या थराबद्दल एक इशारा. सगळ्या वर्गांना एकाच मापाचा कार्यक्रम विकणं सोपं असतं. फोटो छान येतात, अहवालात मुलांची संख्या भरघोस दिसते. पण परिणाम दिसतोच असं नाही. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या ११ ते १४ वर्षांच्या आठ हजारांहून अधिक मुलांवर सजगतेच्या, म्हणजे माइंडफुलनेसच्या, धड्यांची मोठी चाचणी झाली. २०२२ मध्ये निष्कर्ष आले: नेहमीच्या शिकवण्यापेक्षा मुलांच्या मानसिक आरोग्यात जास्त फायदा दिसला नाही.

उलट उदाहरणंही आहेत. युरोपातल्या दहा देशांमधल्या १६८ शाळांत झालेल्या एका अभ्यासात तीन पद्धती ताडून पाहिल्या होत्या. मुलांशी थेट चर्चा आणि भूमिकानाट्यांतून केलेल्या कामानंतर वर्षभराने आत्महत्येचे प्रयत्न तुलनेच्या गटापेक्षा जवळपास निम्मे दिसले. शिक्षकांना धोक्याची लक्षणं ओळखायला शिकवणं आणि मुलांची चाचणी घेऊन जोखीम शोधणं, या दोन पद्धतींचा मात्र ठळक परिणाम दिसला नाही. बिहारमधल्या ७४ शाळांमधला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आम्हाला जास्त जवळचा वाटतो. तिथे एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी राबवला, काही शाळांत त्यासाठीच नेमलेल्या समुपदेशकांनी; ते तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी कमी झाली, उदासीची लक्षणं घटली. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. शिक्षक कमी पडतात असा याचा अर्थ लावू नका. पेपर, परिपाठ, हजेरी सांभाळून उरलेल्या वेळात हे काम होत नाही, त्याला वेगळा माणूस आणि वेगळे तास लागतात, एवढंच आम्ही त्यातून घेतो.

पैसा

शाळेच्या स्वतःच्या अंदाजपत्रकातली तरतूद हा आमच्या मते सगळ्यात भरवशाचा मार्ग, रक्कम लहान असली तरी. अडचण एवढीच की काटकसर सुरू झाली की पहिली कात्री इथेच लागते, कारण समुपदेशकाच्या खोलीतलं काम निकालपत्रात दिसत नाही. म्हणून ही रक्कम 'उपक्रम' किंवा 'इतर' या शीर्षाखाली टाकू नका. वेतनाच्या शीर्षाखाली टाका. 'इतर'मधला पैसा स्नेहसंमेलनाच्या मंडपाला जायला वेळ लागत नाही.

सरकारी पैसा दोन दारांनी येतो, शिक्षण खात्याच्या किंवा आरोग्य खात्याच्या. इंग्लंडने २०१७ च्या धोरणानंतर शाळांसाठी मानसिक आरोग्य साहाय्य पथकं उभी केली, त्यांचा खर्च राष्ट्रीय आरोग्य सेवा करते. फिनलंडमध्ये २०२३ पासून शालेय मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ते आरोग्य व समाजकल्याण पाहणाऱ्या प्रादेशिक यंत्रणेच्या पगारपत्रकावर आहेत. फायदा असा की मुख्याध्यापकांच्या अंदाजपत्रकावर बोजा पडत नाही. तोटाही तोच: माणूस शाळेत बसतो, पण त्याची रजा, बदली, वेळापत्रक दुसरीकडे ठरतं.

तिसरा मार्ग विम्याचा. अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी आरोग्ययोजनेकडून विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांवरच्या उपचारांचा खर्च घेण्याची वाट १९८८ च्या कायद्याने शाळांना मोकळी झाली. डिसेंबर २०१४ मध्ये नियमाचा अर्थ बदलला आणि मेडिकेडमध्ये नाव असलेल्या इतर मुलांच्या सेवांचे पैसेही मागता येऊ लागले. पैसा दरवर्षी येत राहतो, ही मोठी गोष्ट. पण प्रत्येक भेटीची नोंद, सेवा देणाऱ्याची पात्रता, पालकांची संमती, सगळं कागदावर लागतं. लहान शाळेला ते कागद सांभाळायला आणखी एक माणूस ठेवावा लागतो.

मग एकरकमी अनुदानं. मोहात पाडतात ती हीच. कोविडच्या काळात अमेरिकेने शाळांना तीन कायद्यांद्वारे सुमारे १९० अब्ज डॉलर दिले. अनेक शाळांनी त्यातून समुपदेशक नेमले. शेवटच्या हप्त्याचा खर्च कुठे करायचा हे पक्कं करण्याची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली, नेमलेल्या माणसांचे पगार मात्र १ ऑक्टोबरलाही द्यायचेच होते. २०२२ च्या आणखी एका कायद्याने शाळांमधल्या मानसिक आरोग्यासाठी एक अब्ज डॉलर ठेवले होते. ते पाच वर्षं पुरायचे होते. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने त्यातली अनुदानं पुढे न चालवण्याचं जाहीर केलं आणि प्रकरण कोर्टात गेलं.

म्हणून आमचा सल्ला असा: एकरकमी पैसा एकदाच लागणाऱ्या गोष्टींना वापरा. खोलीचं दार बदला, शिक्षकांचं प्रशिक्षण करा, नोंदींचं कुलूपबंद कपाट घ्या. माणसाचा पगार त्यावर टांगू नका. देणगीलाही हेच लागू.

पालकांकडून भेटीगणिक पैसे घ्यावेत का, असं काही शाळा विचारतात. आम्ही ते काम घेत नाही. ज्या मुलाला घरातल्याच कुणाबद्दल बोलायचं आहे, त्याच्या दाराशी घरच्यांनी पावती फाडायची, हे बसत नाही.

आणि पैसा आला म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. एप्रिल २०२२ च्या एका सरकारी पाहणीत अमेरिकेतल्या ९६ टक्के सार्वजनिक शाळांनी आपण मानसिक आरोग्याची काही ना काही सेवा देतो असं सांगितलं. गरज असलेल्या सगळ्या मुलांपर्यंत ती परिणामकारकपणे पोचते, याच्याशी ठामपणे सहमत असलेल्या शाळा १२ टक्के. अडचणींत पैशाच्याही वर होती माणसांची कमतरता.

आमच्या अटी

कराराची मुदत किमान दोन वर्षं. दुसऱ्या वर्षाची तरतूद पहिली सही करतानाच लेखी. सेवा थांबवायची तर आठ आठवडे आधी कळवायचं, म्हणजे सुरू असलेल्या प्रत्येक मुलाशी नीट निरोपाच्या भेटी होतील आणि गरज असेल त्यांना दुसरीकडे सोपवता येईल. ही अट पेन्सिलींच्या टरफलांतून आली आहे.

मुख्याध्यापकांना आम्ही महिन्याला आकडे देतो: किती मुलं आली, कोणत्या इयत्तांतली, किती बाहेर पाठवली. कोण काय बोललं ते देत नाही. मुलाच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा मुलावर अत्याचार होत असेल, तर गुप्तता राहत नाही. हे आम्ही मुलालाही पहिल्याच भेटीत, त्याला कळेल अशा शब्दांत सांगतो.

दर आठवड्याला एकाच विषयाच्या तासाला मुलांना बोलावायचं नाही. खेळाचा तास तर मुळीच घ्यायचा नाही. खेळ बुडाला की मूल दुसऱ्यांदा येत नाही, आणि वर्गाला लगेच कळतं कोण कुठे गेलं होतं.

पहिल्या भेटीला येताना वेळापत्रक, विद्यार्थिसंख्या आणि पैशांची दोन वर्षांची मांडणी आणा, कच्ची चालेल. मग आम्ही शाळेत येऊन खोली बघू. एक जण आत बसून नेहमीच्या आवाजात बोलेल, दुसरा दार लावून व्हरांड्यात उभा राहील. बाहेर शब्द कळले, तर आधी दाराचं काम.